वालधुनीला नाला म्हणू नका

नद्यांच्या काठी संस्कृती नांदल्या, हे वाक्य आपण इतिहासाच्या पेपरात बिनचूक लिहितो आणि गुण मिळवतो. पण विठ्ठलवाडी-कल्याणच्या दरम्यान लोकलमधून काळे पाणी दिसले, की नाकाला रुमाल लावून म्हणतो, “नाला आला!” मित्रहो, तो नाला नव्हे, ती वालधुनी नदी आहे. अंबरनाथजवळ काकोळ्याच्या डोंगरात ती उगम पावते. शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० साली, शिलाहारांच्या काळात बांधलेले अंबरनाथचे शिवमंदिर तिच्याच काठी आहे. गटाराच्या काठी कोणी असे मंदिर बांधील काय?

शब्दाचा प्रश्न मी मुद्दाम काढला. नदीत घाण टाकताना मन थोडे तरी कचरते. नाल्यात टाकताना कचरत नाही. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस टँकरमधील रसायन वालधुनीत ओतले गेले, तेव्हा उल्हासनगरच्या वडोल भागातील शेकडो माणसे विषारी वायूने गुदमरून रुग्णालयात गेली. हा अपघात नव्हता. रात्रीच्या अंधारात वाचवलेला खर्च होता.

यावर झटपट उत्तर मिळते, कारखाने बंद करा. मला ते म्हणवत नाही. माझे वडील एका रासायनिक कारखान्यात कामगार आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि माझी फी त्याच पगारातून भरली जाते. पण कामगाराच्या पोटाचे नाव पुढे करून सांडपाणी तसेच सोडून देणेही मला मान्य नाही. नदीकाठची स्वस्त खोली कोणाच्या वाट्याला येते? कामगाराच्याच. पोट त्याचे आणि फुप्फुसेही त्याचीच!

शिवाय दोष एकट्या कारखान्यांचा नाही. आपल्या मोरी-संडासाचे पाणीही प्रक्रियेविना नदीला मिळते. त्यातून जुलाब, कावीळ, विषमज्वर पसरतात, नदीवर जलपर्णी माजते. वालधुनी ज्या उल्हासला मिळते, तिचेच पाणी मोहन्याजवळ उचलून कल्याण-डोंबिवलीला पाजले जाते. आणि उल्हासनगरचा खेमाणी नाला वर्षानुवर्षे त्याच परिसरात नदीत येत राहिला.

मैलापाणी शुद्ध करण्याची विद्या काही गूढ नाही. आधी जाळ्यांनी कचरा अडवायचा, गाळ बसू द्यायचा, मग पाण्यात हवा सोडायची, म्हणजे त्यातील जिवाणू घाण खाऊन टाकतात. मात्र हे जिवाणू अहोरात्र हवा मागतात. वीज वाचवायला यंत्र बंद ठेवले की ते मरतात. आम्लयुक्त रासायनिक पाणी मिसळले तरी मरतात. म्हणून कारखान्यांच्या पाण्यावर वेगळी प्रक्रिया करावी लागते आणि घराघरांचे नळ केंद्रापर्यंत न्यावे लागतात. नुसत्या उद्घाटनाच्या फितीने पाणी स्वच्छ होत नाही.

कायदा नाही असेही नाही. जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४ चा आहे. २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल इथल्या पालिका आणि औद्योगिक प्रक्रिया केंद्रे यांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. वकील उभे राहिले, तारखा पडल्या. पाणी वाहतच होते.

मग आपण काय करावे? निबंधस्पर्धा पुष्कळ झाल्या. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. आपल्या शहरात रोज किती सांडपाणी तयार होते, किती केंद्रापर्यंत पोचते, यंत्रे किती तास चालतात, हे तीन प्रश्न दरवर्षी एका वर्गाने लेखी विचारावेत आणि उत्तरे याच अंकात छापावीत. प्राध्यापकांनी त्या कामाला प्रकल्पाचे गुण द्यावेत. आणि वालधुनीवरच्या प्रत्येक पुलावर नदीचे नाव लिहिलेली पाटी लागावी, म्हणून महापालिकेकडे एक अर्ज करावा. खर्च फारसा नाही. सहीला मी तयार आहे.