बंड कोणाचे, कारण कोणाचे?

मागील पंधरवड्यात आमच्या नातवाने दोन जुने अमेरिकन बोलपट घरच्या संगणकावर आम्हांस दाखविले. दोन्ही १९५५ सालचे, आणि दोन्हींचा विषय तरुण मुलांचा उच्छृंखलपणा. पहिला निकोलस रे यांचा ‘रेबेल विदाउट अ कॉज’, दुसरा रिचर्ड ब्रुक्स यांचा ‘ब्लॅकबोर्ड जंगल’.

पहिल्याच्या नावाचा अर्थ ‘निष्कारण बंडखोर’. परंतु कारणावाचून कार्य नाही, हे तर्कसंग्रह वाचलेला विद्यार्थीही सांगेल. आणि येथे तर कारणांची रेलचेल आहे. जिमचा बाप कमरेला एप्रन बांधून बायकोपुढे नमतो, ज्यूडीचा बाप मुलगी मोठी होताच तिला दूर लोटतो, आणि प्लेटोचे आईबाप घरी नसतातच. मग त्या प्लेटोला सांभाळते कोण? घरची कृष्णवर्णीय मोलकरीण. शेवटी पोलिसांच्या गोळीने तो पडतो, तेव्हा आईच्या जागी तीच रडते. मरिएटा कँटी ह्या नटीने हे लहानसे काम फार मनापासून केले आहे. परंतु तिच्या पात्राला साधे नावही नाही. तिला स्वतःची मुले होती काय, ती कोणत्या शाळेत जात, त्यांनाही कधी राग येई काय, हे कोणी विचारीत नाही.

दुसरा बोलपट आमच्याच पेशाचा, म्हणून त्यात आमचे मन अधिक गुंतले. न्यूयॉर्कमधील धंदेशिक्षणाची शाळा. डेडियर नावाचा नवा शिक्षक (ग्लेन फोर्ड). वर्गात आयरिश, इटालियन, पोर्तोरिकन आणि कृष्णवर्णीय मुले एकाच खोलीत बसलेली. वर्णावरून शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे १९५४ मध्ये दिला. त्यानंतर वर्षाच्या आत पडद्यावर असा वर्ग दिसावा, ही लहान गोष्ट नव्हे. वर्गातील ग्रेगरी मिलर हा कृष्णवर्णीय मुलगा सिडनी पॉइटिए यांनी उभा केला आहे. त्यांचे वय तेव्हा २८ होते, पण विद्यार्थी म्हणून ते खटकत नाहीत. पुढे १९६७ च्या ‘टू सर, विथ लव्ह’मध्ये हेच गृहस्थ लंडनमधील उनाड मुलांचे मास्तर झाले, हे पाहून आम्हांस मौज वाटली.

तथापि एक गोष्ट सलते. ही मुले का बिघडली, याचे कारण एक पोलिस अधिकारी महायुद्धात शोधतो: बाप सैन्यात, आई कारखान्यात. मिलर मात्र शाळा सोडून मोटारी दुरुस्त करीत राहणार असतो. काळ्या मुलाने शिकून मिळवायचे काय, हा त्याचा प्रश्न. दोन वाक्यांत तो आटोपतो, आणि अखेरीस वेस्ट हा गोरा मुलगा चाकू काढतो तेव्हा मिलरच मास्तरांच्या बाजूने उभा राहतो. गोऱ्या मुलाला बिघडण्याची मुभा आहे. काळ्याला सद्गुणी असल्याखेरीज पडद्यावर जागा नाही.

पण ज्या प्रसंगाने आम्ही खुर्चीत सावरून बसलो, तो वेगळाच. वर्णद्वेष वाईट, हे वर्गात समजावून सांगणारा डेडियर स्वतःवर बालंट येताच पहिला संशय मिलरवर घेतो. रागाच्या भरात त्याच्या वर्णाचा उच्चार तोंडून निघून जातो, पुढची शिवी ओठांवर अडते, आणि त्या अडलेल्या शब्दाने त्याचा त्यालाच धक्का बसतो.

आमच्या नोकरीच्या काळात एकदा आमचे फाउंटन पेन वर्गातून नाहीसे झाले. आम्ही कोणाचेही नाव घेतले नाही. परंतु आमची दृष्टी शेवटच्या बाकावर, गावाबाहेरील वस्तीतून येणाऱ्या एका मुलाकडे गेली, आणि तिच्यामागून साऱ्या वर्गाची गेली. मुलगा न सांगता उठला आणि त्याने पिशवी टेबलावर पालथी केली. तीत दोन वह्या आणि भाकरी होती. पेन संध्याकाळी घरी पंचांगात सापडले. दुसऱ्या दिवशी ‘पेन मिळाले’ एवढेच आम्ही वर्गास सांगितले आणि धडा पुढे चालू केला.

नातवाने विचारले, “आजोबा, त्या मुलाला काय म्हणालात?” आम्ही चष्मा पुसू लागलो.