निबच्या टोकाची किंमत

शांघायच्या जिन्हाओ कंपनीचे एक्स159 आणि हॅम्बुर्गच्या माँ ब्लाँ कंपनीचे माइस्टरश्टुक 149 ही दोन फाउंटन पेने शेजारी शेजारी ठेवली, तर चार हात अंतरावरून त्यांतला फरक सांगणे जाणकारालाही अवघड जाते. दोन्हींचे अंग जाड, काळे, तुकतुकीत आणि दोन्ही टोकांना गोलावलेले आहे, दोन्हींच्या टोपणावर सोनेरी कडी आहेत आणि दोन्हींची निब, म्हणजे कागदाला टेकणारे धातूचे पाते, सामान्य पेनापेक्षा बरीच मोठी आहे. पहिले पेन हजार रुपयांच्या आत मिळते, तर दुसऱ्याची किंमत लाखाच्या आसपास जाते. या शंभरपट अंतराचे कारण विचारले की दोन तयार उत्तरे समोर येतात. महागात सगळा पैसा नावाचाच असतो असे एक पक्ष म्हणतो आणि स्वस्त ते शेवटी स्वस्तच असे दुसरा म्हणतो. ही दोन्ही उत्तरे पेन उघडून न पाहता दिलेली असल्यामुळे अपुरी आहेत, आणि म्हणून आधी पेन लिहिते कसे हे पाहणे आवश्यक ठरते.

फाउंटन पेनात शाई ढकलणारे कोणतेही यंत्र नसते. निबच्या मध्यावरून टोकापर्यंत एक अतिशय बारीक चीर गेलेली असते, निबच्या खाली प्लास्टिकचा किंवा एबोनाइटचा, म्हणजे गंधक मिसळून कठीण केलेल्या रबराचा, खाचा पाडलेला तुकडा बसवलेला असतो, ज्याला मराठीत जीभ म्हणतात, आणि अरुंद जागेत द्रव आपोआप सरकत जाण्याचा जो गुणधर्म आहे, त्या केशाकर्षणाच्या जोरावर शाई जिभेवरून चिरेत आणि चिरेतून कागदावर उतरते. जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा आत यावी लागते, अन्यथा प्रवाह थांबतो, आणि हवा जास्त आत आली तर पेन गळते. हा तोल साधणारी जीभ करून न्यूयॉर्कच्या लुइस एडसन वॉटरमन यांनी 1884 मध्ये पेटंट मिळवले. त्यानंतरच्या सुधारणा पुष्कळ असल्या, तरी तत्त्व आजही तेच आहे आणि त्यावर कोणाचाही हक्क उरलेला नाही. त्यामुळे नेमकी खाच पाडणारा साचा एकदा तयार झाला की शांघायमधली जीभ हॅम्बुर्गमधल्या जिभेइतकेच इमानाने काम करू शकते, आणि बहुतेक वेळा ती तसे करतेही.

महागड्या पेनाच्या बाजूने सर्वांत आधी सोन्याचा दाखला दिला जातो. अशी निब 14 किंवा 18 कॅरेटची असते, म्हणजे तिच्यात अनुक्रमे 58.5 किंवा 75 टक्के सोने असते. सोने वापरण्यामागे आरंभी दिमाखापेक्षा गरज मोठी होती, कारण मायफळासारख्या वनस्पतीतील टॅनिन आणि हिराकस यांपासून केलेली त्या काळची शाई आम्लधर्मी असे आणि ती पोलादी निब खाऊन टाकत असे, पण सोन्यावर तिचा परिणाम होत नसे. विसाव्या शतकात न गंजणारे पोलाद आले, रोजच्या वापरातली शाई सौम्य झाली आणि ही गरज जवळपास संपली. सोन्याची निब लवचीक असते म्हणून लेखन मृदू होते, हा समजही अर्धाच खरा आहे. लवचीकपणा धातूइतकाच पात्याची जाडी आणि आकार यांवर अवलंबून असतो, आणि कित्येक आधुनिक सोन्याच्या निबा पोलादी निबांइतक्याच ताठ असतात. शिवाय सोने कागदाला टेकतच नाही, कारण ते मऊ असल्यामुळे काही महिन्यांत झिजून जाईल. निबच्या अगदी टोकावर ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन यांसारख्या धातूंच्या अतिकठीण मिश्रणाचा बारीक कण जोडलेला असतो, जुन्या सवयीने त्याला इरिडियमचे टोक म्हटले जाते, आणि हा कण स्वस्त पेनातही असतो व महागातही असतो.

खरा फरक या कणावर शेवटचा हात कसा फिरतो, यात आहे. कण जोडल्यावर पातळ चाकाने त्यातून चीर कापतात, मग दोन्ही अर्ध्या भागांना घासून गोलाई देतात आणि झिलई करतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन निब समोरून पाहिली तर हे सारे काम स्पष्ट दिसते. चिरेच्या दोन बाजूंच्या पात्या एका पातळीत असतील तर टोक एका अखंड ठिपक्यासारखे दिसते, आणि त्यांतली एक केसभर वर चढलेली असेल तर ठिपक्याची दोन शकले एकमेकांवरून सरकलेली दिसतात. अशी निब एका दिशेने रेघ ओढताना गुळगुळीत चालते आणि उलट दिशेने कागद खरवडते. झिलई अति झाली तर दुसरा दोष उद्भवतो. चिरेच्या आतल्या कडा गोलावतात, शाई त्या कडांपाशी थबकते, कागदाला पोचत नाही, आणि पेन टेकवल्यावर पहिली रेघ कोरी जाते.

हा दुसरा दोष मराठी लिहिणाऱ्याला इंग्रजी लिहिणाऱ्यापेक्षा अधिक जाचतो, याकडे पेनांच्या परीक्षणांत क्वचितच लक्ष दिले जाते. जोडून लिहिलेल्या रोमन अक्षरांत सबंध शब्द हात न उचलता पुरा होतो. देवनागरीत मात्र अक्षराचे अंग, काना, मात्रा, अनुस्वार आणि शिरोरेघ यांसाठी पेन एकाच शब्दात पाच-सहा वेळा उचलून पुन्हा टेकवावे लागते, आणि दर टेकणीला शाई तत्काळ उतरली नाही तर अनुस्वार गळतात व शिरोरेघा तुटक होतात. उलट चिनी आणि जपानी पेनांचा एक गुण देवनागरीला विशेष मानवतो. त्या लिपींतल्या एका चौकोनात अनेक रेघा मावाव्या लागत असल्याने तिथली बारीक निब युरोपातल्या बारीक निबपेक्षाही सडपातळ असते, आणि ‘क्ष्म’ किंवा ‘द्ध्य’ यांसारखी जोडाक्षरे लहान अक्षरात लिहिताना त्यांची पोटे शाईने भरून जात नाहीत.

किंमत ठरते ती या शेवटच्या हातापाशी. मोठ्या युरोपीय आणि जपानी कंपन्यांत प्रत्येक निब कुशल कारागिराच्या नजरेखालून जाते, तिने लिहून पाहिले जाते आणि मगच ती पेनात बसते. काहीशे रुपयांच्या पेनात इतका वेळ देणे परवडत नाही, म्हणून तिथे दहांतल्या सात-आठ निबा उत्तम निघाल्या तरी उरलेल्या कोणाच्या वाट्याला येतील हे सांगता येत नाही. जास्त दिलेल्या पैशातला सर्वांत सार्थ भाग या खात्रीचा आहे, हे मान्य करायला हवे. पण ही खात्री शंभरपट किमतीला मिळते असेही नाही. पायलट, प्लॅटिनम आणि सेलर या जपानी कंपन्या ती बऱ्याच कमी पैशांत देतात, आणि प्लॅटिनमने तर टोपणात स्प्रिंगवर बसवलेले आतले बूच देऊन महिनोन्महिने शाई न सुकणारे पेनही सामान्य किमतीला आणले आहे.

चिनी पेनाला केवळ आजचा स्वस्त माल समजणे इतिहासाला धरून होणार नाही. 1931 मध्ये शांघायला ह्वाफू नावाचा पेनांचा कारखाना निघाला, जो पुढे हिरो या नावाने जगभर पोचला. (योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईत गिरगावात दिगंबर परशुराम दांडेकरांनी शाईचा उद्योग सुरू केला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या कॅमल शाईने मराठी शाळकरी पिढ्यांची बोटे निळी केली.) अमेरिकेत 1941 मध्ये बाजारात आलेल्या पार्कर 51 या पेनाने निब जवळपास सबंध झाकून टाकली होती, जेणेकरून शाई टोकाशी सुकू नये, आणि हे पेन शांघायच्या कारागिरांपुढचा आदर्श झाले. 1958 मध्ये, उत्पादनात पाश्चात्त्यांना गाठण्याच्या राष्ट्रीय मोहिमेच्या ऐन भरात, पार्करला गाठायचे ही घोषणा घेऊन त्या कारखान्याने सोन्याच्या निबचे हिरो 100 पुढे आणले आणि त्या चढाओढीवर चीनमध्ये चित्रपटही निघाला. हिरो 616 हे त्याच घराण्यातले स्वस्त भावंड भारतात घरोघरी पोचले. रबरी नळी दाबून शाई भरायचे, धातूच्या टोपणाचे ते पेन महाराष्ट्रातल्या कितीतरी कारकुनांच्या आणि शिक्षकांच्या खिशाला वर्षानुवर्षे लावलेले असे. त्याचा खप एवढा होता की त्याच्याही बनावट आवृत्त्या निघाल्या. असा हा कारखाना बॉलपेनाच्या लाटेत खचत गेला आणि 2012 मध्ये त्याचा 49 टक्के हिस्सा अवघ्या 25 लाख युआनांना विक्रीस काढण्याची वेळ आली.

नकलेचा आक्षेप मात्र टाळता येत नाही, आणि तो सरसकट मान्य किंवा अमान्य करणेही बरोबर नाही. दुसऱ्याचे चिन्ह लावून फसवणूक करणे हा गुन्हा आहे, आणि जिन्हाओच्या पेनावर माँ ब्लाँचा पांढरा तारा नसतो, त्यामुळे ते बनावट ठरत नाही. विंग सुंग या चिनी कंपनीचे 601 हे पेन पार्कर 51 वर बेतलेले आहे, पण मूळ पेनाचे उत्पादन 1972 च्या सुमारास थांबलेले असल्याने त्या बेतण्याने कोणाचे नुकसान होत नाही, उलट एक उत्तम रचना लिहित्या हातांत टिकून राहते. त्याच विंग सुंगचे 3008 हे पेन मात्र तैवानच्या ट्विस्बी या लहान कंपनीच्या पारदर्शक, दट्ट्याने शाई भरायच्या पेनांशी फारच मिळतेजुळते आहे. ट्विस्बीचा सारा व्यवसाय अशा मोजक्या रचनांवर उभा असताना तीच रचना निम्म्याहून कमी किमतीला विकणे हे माँ ब्लाँच्या घाटाची छाया घेण्यापेक्षा कितीतरी अधिक अन्यायाचे आहे. स्वस्त पेन घेताना ते कोणाच्या कष्टावर स्वस्त झाले, हा विचार ग्राहकाने करावा.

लाखाच्या पेनात खात्रीपलीकडे काय विकले जाते, याचे उदाहरण भारतातच घडले. माँ ब्लाँने 2009 मध्ये महात्मा गांधींच्या नावाचे पेन काढले. दांडीयात्रेच्या 241 मैलांची खूण म्हणून त्याची 241 पेने केली, पांढऱ्या सोन्याच्या निबवर काठी घेऊन चालणारे गांधी कोरले, आणि एका पेनाची किंमत 11 लाख रुपयांच्या वर ठेवली. राष्ट्रीय व्यक्तींच्या नावाचा व्यापारी वापर रोखणाऱ्या 1950 च्या कायद्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयात याचिका झाली आणि 2010 मध्ये भारतातली विक्री थांबली. ज्यांच्या आग्रहातून आंध्रातल्या राजमहेंद्री इथे रत्नम यांनी स्वदेशी पेन घडवले आणि ज्यांनी ते वापरून 1935 मध्ये, परदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे अशी पोच दिली, त्यांच्याच नावावर हे घडावे ही मनाला लागणारी गोष्ट आहे. प्रत्येक महाग पेन असे पोकळ नसते. जपानी नामिकी पेनावर लाखेचे थर चढवून आणि ओल्या थरावर सोन्याची पूड शिंपून एखादा कारागीर महिनोन्महिने जे चित्र उठवतो, त्याची किंमत त्याच्या हाताची आहे आणि ती रास्त आहे. पण अशा पेनाची लेखनसाधन म्हणून तुलना करणे गैरलागू ठरते.

पेन पिढ्यानपिढ्या चालावे अशी अपेक्षा असेल, तर दुरुस्तीचा मुद्दा निर्णायक होतो. जुन्या कंपन्या निब सरळ करून देतात, दट्ट्या बदलतात आणि अनेक वर्षांपूर्वीचे पेन पुन्हा लिहिते करतात. काहीशे रुपयांच्या चिनी पेनाला असा वाली नसतो, त्यामुळे बारीकशा दोषापायी ते टाकून दिले जाते. वास्तविक त्यातले बहुतेक दोष किरकोळ असतात. कारखान्यातल्या तेलाचा अंश जिभेवर राहिल्यामुळे शाई अडते आणि साबणाच्या कोमट पाण्याने धुतल्यावर मोकळी होते. चढलेली पाती भिंगाखाली नखाने हलकेच दाबून खाली आणता येते, आणि खरखर अतिसूक्ष्म कणांच्या पॉलिश कागदावर इंग्रजी आठचा आकडा काही वेळा गिरवल्याने जाते. हे काम शिकायला फार काळ लागत नाही, पण ते करणारे पेनदुरुस्तीचे कारागीर बॉलपेन आल्यापासून मुंबई-पुण्यातही कमी होत गेले. फाउंटन पेनांकडे तरुण वाचक-लेखक पुन्हा वळत असताना इथल्या दुकानदारांनी स्वस्त पेन विकण्याआधी त्याची निब भिंगाखाली पाहून, जुळवून आणि लिहून द्यावी व त्याचे शंभर-दोनशे रुपये उघडपणे लावावेत. शांघायच्या कारखान्याला जो शेवटचा हात परवडत नाही आणि हॅम्बुर्गचा कारखाना ज्याचे दाम इतर अनेक गोष्टींबरोबर वसूल करतो, तो हात अशा दुकानात, गिऱ्हाइकाच्या देवनागरी वळणाला जुळेल असा, फिरवता येईल.