भोक पाडण्यापूर्वी गणित मांडा

“ड्रिलला हात लावू नकोस!” हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी घरी किंवा शाळेत ऐकले असेल. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. विजेवर चालणारे हे यंत्र बोटाला इजा करू शकते, डोळा घालवू शकते. तरीही माझे मत असे, की नुसत्या मनाईने कोणी सुरक्षित होत नाही. आज ना उद्या तुम्ही ड्रिल हाती घेणारच. त्या वेळी मनाईची आठवण कामी येणार नाही. कामी येईल ते कारणांचे ज्ञान.

सांगा पाहू, लाकूड मऊ आणि पोलाद कठीण. मग पोलादाला भोक पाडताना ड्रिल अधिक वेगाने फिरवावे की कमी? पुष्कळजण ‘अधिक’ म्हणतात. खरे उत्तर ‘कमी’ असे आहे. धातू कापताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचे बहुतांशी उष्णतेत रूपांतर होते. वेग वाढला की बिटाची धार तापते, मऊ पडते व बोथट होते. बोथट धार कापण्याऐवजी घासते आणि घर्षणाने आणखी तापते.

हायस्पीड स्टीलच्या बिटाने साधे मऊ पोलाद कापताना बिटाच्या कडेचा वेग मिनिटाला सुमारे ३० मीटरपर्यंत ठेवतात. १० मि.मी. व्यासाच्या बिटाचा परीघ ३१.४ मि.मी. म्हणजेच मिनिटाला सुमारे ९५० फेरे पुरेसे झाले. तेच बिट ३००० फेऱ्यांनी फिरवले, तर कडेचा वेग ९४ मीटर, म्हणजे तिपटीहून अधिक होतो! उलट ५ मि.मी.च्या बिटाला सुमारे १९०० फेरे चालतात. बिट जितके जाड, तितके फेरे कमी. शाळेच्या गणितातील परीघ येथे हातातले हत्यार वाचवतो.

लाकडाला अधिक वेग चालतो. पण लाकूड उष्णतेचे मंदवाहक आहे. भोकात भुसा दाटला की उष्णता तेथेच साठते आणि लाकूड करपून धूर येतो. म्हणून बिट मधूनमधून बाहेर काढून भुसा मोकळा करावा.

आता सुरक्षिततेच्या नियमांकडे पाहा. पत्रा हातात धरू नये, असे का? बिट पत्र्यातून पार होते त्या क्षणी त्याच्या धारा उरलेल्या पातळ धातूत अडकतात आणि पत्रा बिटाबरोबर गरगर फिरू लागतो. हातातला पत्रा त्या क्षणी पंख्याचे धारदार पाते बनतो! म्हणून तो लाकडी फळीवर क्लॅम्पने घट्ट आवळावा. हातमोजे का नकोत? फिरते बिट त्यांचा धागा पकडून बोटासकट ओढून घेते. सैल बाह्या, ओढणी व मोकळे केस यांनाही हाच धोका आहे. चष्मा मात्र हवाच, कारण धातूचा कीस कोणत्या दिशेने उडेल ते सांगता येत नाही. कारण कळले, की नियम पाठ करावा लागत नाही.

काही शिक्षक म्हणतील, “चाळीस मुले आणि एक ड्रिल, अपघात झाला तर जबाबदार कोण?” ही भीती खोटी नाही. म्हणून एका वेळी एकाच विद्यार्थ्याच्या हाती यंत्र द्यावे व शिक्षकांनी शेजारी उभे राहावे. बाकीच्यांनी वेगाचे गणित मांडावे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली, ती हाताला व बुद्धीला एकत्र आणण्यासाठीच. कागदी फुले करून ते काम पुरे होत नाही.

तेव्हा मित्रहो, मऊ पोलादात ६ मि.मी.चे भोक पाडायचे असेल, तर मिनिटाला किती फेरे हवेत? आधी उत्तर काढा, शिक्षकांना दाखवा आणि मगच ड्रिल मागा. असे मागणाऱ्याला ‘नाही’ म्हणणे शिक्षकांनाही जड जाईल.