अकरा जणांत वाटलेला गुन्हा

आलेहान्द्रो आमेनाबार यांच्या ‘मार आदेन्त्रो’ (२००४) या स्पॅनिश चित्रपटाला ऑस्कर मिळाले, हाविएर बार्देमच्या अभिनयाचे जगभर कौतुक झाले. इच्छामरणावर मत बनवण्याआधी मात्र तो पाहावा मानुएलासाठी.

रामोन साम्पेद्रो हा गॅलिसियाचा खलाशी. १९६८ साली, ऐन पंचविशीत, कड्यावरून त्याने समुद्रात सूर मारला. ओहोटीने पाणी उथळ झाले होते. मान मोडली आणि मानेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे तो अंथरुणावर होता. त्याला भरवणे, अंग पुसणे, कूस बदलणे हे सारे चित्रपटात भावजय मानुएला करते. रामोनला मरण हवे असते. स्वतः व्हीलचेअरवर असलेला एक पाद्री त्याचे मन वळवायला येतो. खुर्ची जिना चढत नाही. मग खालून वर, वरून खाली निरोप्याकरवी वाद चालतो. घरच्यांची माया कमी पडत असावी, असे हाच पाद्री आधी जाहीरपणे बोलून गेलेला असतो. मानुएला त्याला तोंडावर सुनावते. कोण बरोबर ते तिला ठाऊक नाही, पण रामोन तिला पोटच्या पोरासारखा आहे. माझ्या घरात हे होऊ देणार नाही, असे बजावणाऱ्या थोरल्या भावालाही चित्रपट खलनायक ठरवत नाही.

न्यायालयांनी रामोनची इच्छामरणाची मागणी फेटाळली. १२ जानेवारी १९९८ रोजी तो सायनाइड पिऊन गेला. कोणा एकावर गुन्हा येऊ नये म्हणून त्याने काम अकरा जणांत वाटले होते. विष आणणारा वेगळा, मोजणारा वेगळा, पेल्यात नळी ठेवणारा वेगळा. मैत्रीण रामोना मानेइरोला अटक झाली, पण पुराव्याअभावी ती सुटली. खटला भरण्याची मुदत उलटल्यावर २००५ मध्ये तिने आपला सहभाग उघड केला. कायद्याच्या नकाराने मरण टळले नाही. डॉक्टरच्या देखरेखीत जे शांतपणे झाले असते ते चोरून, यातनांत झाले आणि माया करणारे माणूस संशयित ठरले. स्पेनमध्ये इच्छामरणाचा कायदा लागू झाला २०२१ मध्ये.

आपल्याकडे केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षे अचेत पडून असलेल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात तिथल्या परिचारिकांनी दयामरणाला विरोध केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यांचे म्हणणे ग्राह्य धरले, आणि ते योग्यच होते. अरुणा स्वतः काही सांगू शकत नव्हत्या; इतकी वर्षे त्यांचे सारे करणाऱ्यांनाच बोलण्याचा अधिकार होता. रामोन मात्र शुद्धीत होता, स्पष्ट बोलत होता. असा माणूस बोलत असताना शेवटचा शब्द त्याचाच असायला हवा.

आपल्या कायद्यानेही रामोनची सुटका झाली नसती. विष देणे इथे आजही गुन्हाच आहे. पण बरे होण्याची आशा उरली नसताना कृत्रिम उपचार थांबवावेत, असे आगाऊ लिहून ठेवण्याची मुभा २०१८ पासून आहे, आणि २०२३ पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात. हातीपायी धड असतानाच ते लिहा. आणि उद्या तुमचे अंथरूण-पांघरूण जिला किंवा ज्याला करावे लागेल, त्या माणसाला शेजारी बसवून, त्याच्याशी बोलून लिहा.