फोलेट यकृतालाही हवे
फोलेट म्हटले की गरोदरपणातली गोळीच आठवते. १९२८ पासून मुंबईतल्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयावर संशोधन करत फोलेटच्या शोधाची वाट दाखवणाऱ्या ल्युसी विल्स यांचा वारसा पाहता ते साहजिकही आहे. पण यकृतातली चरबी बाहेर रक्तात धाडायला फॉस्फॅटिडिलकोलिन हे मेदद्रव्य लागते आणि ते बनवणाऱ्या रासायनिक साखळीला फोलेट मिथाइल गट पुरवते. फोलेट कमी पडले की चरबी यकृतातच साचते, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. माणसांत फॅटी लिव्हरचे मूळ बहुधा वाढते वजन, साखर आणि दारूत असते, हा आक्षेप रास्तच. म्हणून फोलेटला त्यावरचे औषध म्हणता येणार नाही. मनानेच गोळ्या घेणे तर धोक्याचे, कारण त्यामुळे शाकाहारींत सर्रास आढळणारी बी-१२ची कमतरता झाकली जाते. त्यापेक्षा चवळी, हरभरा, पालक नेमाने ताटात यावेत आणि पालेभाजी उकडलेले पाणी मोरीत ओतणे थांबावे. बरेचसे फोलेट त्यातच उतरलेले असते.