फॉरमॅट मारण्याआधी

आधीच कबूल करतो, मी कॉन्व्हेंटचा. 'मराठी विभागासाठी लेख देतोय' असं कँटीनमध्ये जाहीर केल्यावर आमच्या ग्रुपमध्ये जो हशा पिकला तो अजून थांबलेला नाही. त्यांचंही बरोबर आहे. 'एकोणसाठ' म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन, हे मला आजही क्षणभर थांबून ठरवावं लागतं. तरीही हा लेख मी मराठीत लिहितोय, आणि त्याला कारण एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. विचित्र वाटतंय ना? पण पुढे वाचा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. २०१५ च्या जुलैमध्ये आलेली सिस्टीम, दहा वर्षं चालली. कंपनीने घरगुती वापरासाठी आणखी एका वर्षाच्या सुरक्षा अपडेट्सची सोय ठेवली, पण तो झाला वाढवून दिलेला मुक्काम. विंडोज ११ वर जायचं तर अटी आहेत: टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप हवी, ४ जीबी रॅम हवी, ६४ जीबी जागा हवी, आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा. त्याआधीचा लॅपटॉप कितीही ठणठणीत असला तरी यादीत नाही म्हणजे नाही.

झालं! कळव्यात आमच्या बिल्डिंगमधले सगळे जिन्यात मला गाठायला लागले. "अरे, आमचा लॅपटॉप आता फेकायचा का?" इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाला सोसायटीत फुकटचा डॉक्टर समजतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हाच प्रश्न चार वर्षांपूर्वी कुणी विचारला असता तर माझं उत्तर एका शब्दात तयार होतं. लिनक्स!

सोळाव्या वर्षी माझी मतं फार पक्की होती. विंडोज म्हणजे गुलामगिरी, लिनक्स म्हणजे स्वातंत्र्य. आयफोनवाले म्हणजे पैसे उडवणारे. जो माणूस पायरेटेड विंडोज वापरतो त्याच्याशी बोलू नये (या नियमाने मला अख्ख्या कळव्यात बोलायला कुणी उरलं नसतं). लिनस टॉरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ ला लिनक्सची घोषणा केली तेव्हा तो २१ वर्षांचा विद्यार्थी होता, हे मी दिसेल त्याला सांगायचो. "तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे, माहीत आहे का?" हे वाक्य मी आजीला, वॉचमनला आणि एकदा तर टीसीलाही ऐकवलं आहे.

यातली माहिती एकही खोटी नव्हती. खोटी होती ती माझी समजूत, की माहिती बरोबर असली की मतही बरोबरच असतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांचं खारेगावात डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, वास्तुशांत, सत्यनारायण, गणेशोत्सवाच्या पावत्या. दुकानात एक कॉम्प्युटर, २००८ साली असेंबल केलेला. त्यावर विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि एका कंपनीचे मराठी फॉन्ट. ते फॉन्ट चालायचे ते मागे खोचलेल्या डोंगलवर.

२०२१ ची दिवाळी. दोन वर्षं लग्नं पंचवीस-पन्नास माणसांत उरकलेली, त्यामुळे पत्रिका छापतो कोण? आता तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त धडाधड लागणार होते. काकांकडे अकरा ऑर्डरी आल्या होत्या. आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर रडायला लागला. सुरू व्हायलाच वीस मिनिटं.

काकांनी मला बोलावलं. मी गेलो, बघितलं आणि हसलो.

"काका, एक्सपी? हे तर ८ एप्रिल २०१४ लाच मेलं. तुम्ही सात वर्षं प्रेत चालवताय!"

"चालतंय ना पण," काका म्हणाले.

"मी तुम्हाला लिनक्स टाकून देतो. फुकट. व्हायरस नाही, काही नाही. पळेल नुसतं."

"माझ्या फाइली राहतील ना रे बाळा?"

"सगळा बॅकअप घेतो काका. टेन्शन नका घेऊ."

आणि मी खरंच बॅकअप घेतला. माय डॉक्युमेंट्स पूर्ण, पत्रिकांचं फोल्डर पूर्ण, दोनदा तपासून. मग फॉरमॅट मारला. तासाभरात हलकंफुलकं लिनक्स चकाचक सुरू. कॉम्प्युटर एका मिनिटाच्या आत चालू झाला, तेव्हा माझी छाती केवढी फुगली असेल याची कल्पना करा.

काकांनी पहिली पत्रिका उघडायला सांगितली. आधी तर ती उघडेचना, कारण पेजमेकर लिनक्सवर येतच नाही. खटपट करून आतला मजकूर बाहेर काढला. स्क्रीनवर 'चि. सौ. कां.'च्या जागी डॉलर, उलटे स्वल्पविराम, आणि डोक्यावर टिंबं असलेली युरोपातली कुठलीतरी अक्षरं. दुसरी फाइल, तेच. तिसरी, तेच. तेरा वर्षांचं काम समोर होतं, आणि त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

हे का झालं ते सांगतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. मलाही नव्हतं. जुन्या फॉन्टमध्ये एकूण २५६ घरं असायची, तीही मुळात इंग्रजी आणि युरोपातल्या अक्षरांसाठी. आपल्या फॉन्ट कंपन्यांनी त्या घरांत मराठी अक्षरांचे आकार बसवले. म्हणजे फाइलमध्ये असायचं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्याला 'क'चा मुखवटा चढवायचा. कॉम्प्युटरच्या लेखी ती फाइल मराठी नव्हतीच! बरं, प्रत्येक कंपनीने 'क' वेगळ्या घरात बसवलेला. त्यामुळे फॉन्ट गेला की भाषा गेली. आणि फॉन्ट होते विंडोजच्या फोल्डरमध्ये, ज्याला मी हातही न लावता फॉरमॅट मारला होता. सॉफ्टवेअरची सीडी कधीच हरवली होती. डोंगल तेवढा मागे हिरवा दिवा लावून बसला होता.

युनिकोडमध्ये असं होत नाही. तिथे देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र तुकडा आहे आणि 'क'चा नंबर जगभर एकच, २३२५. फॉन्ट बदला, मशीन बदला, कंपनी बुडू द्या, तो 'क'च राहतो. पण पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.० आली २००१ मध्ये, आणि तिला युनिकोड मराठी येत नव्हतं. त्याच घराण्यातल्या इनडिझाइनला भारतीय लिप्या नीट जमायला २०१२ साल उजाडलं. मधली सगळी वर्षं आपल्या गल्लोगल्लीच्या डीटीपीवाल्यांनी काय करायला हवं होतं? जे चालत होतं ते त्यांनी चालवलं. मी त्याला अडाणीपणा म्हणत होतो.

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. थोडा वेळ स्क्रीनकडे बघत बसले आणि म्हणाले, "मशीन जुनं होतं रे. काम जुनं नव्हतं."

पुढचे पंधरा दिवस काका दुकान बंद करून रोज संध्याकाळी कळव्याहून ठाण्याला जायचे. तिथे त्यांच्या एका मित्राच्या दुकानात बसून अकराच्या अकरा पत्रिका पहिल्यापासून टाइप करायचे. मित्राकडचे फॉन्ट दुसऱ्या कंपनीचे, त्यामुळे जुन्या फाइली तिथेही उघडल्या नाहीत. दोन गिऱ्हाईकं थांबली नाहीत, दुसरीकडे गेली. मी दोन-तीनदा बरोबर गेलो. स्लो लोकलमध्ये खाडीवरून जाताना काका खिडकीबाहेर बघत बसायचे, आणि मला लिनस टॉरवाल्ड्सबद्दल काहीही बोलावंसं वाटायचं नाही.

मग जानेवारीपासून मी एक काम अंगावर घेतलं. काकांकडे जुन्या छापील पत्रिकांची सँपलची फाइल होती. (फाइली गेल्या, कागद राहिला. यावर वेगळा लेख होईल.) त्यातला नेहमी लागणारा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करायचा. काकांचा हात मराठी टाइपरायटरच्या कीबोर्डवर बसलेला, त्यामुळे इनस्क्रिप्ट मी शिकलो. दर रविवारी काका सांगायचे, मी लिब्रेऑफिसमध्ये टाइप करायचो.

आणि तिथे माझी शाळा सुरू झाली. पहिल्याच रविवारी मुहूर्त सांगितला 'दहा वाजून एकोणचाळीस मिनिटे'. मी ठोकलं, १०.४९. काकांनी प्रूफ वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "दहा मिनिटांत लग्न हुकवलंस की रे!" दुसऱ्या रविवारी मी 'आचाऱ्यांना' ऐवजी 'आचार्यांना' लिहिलं. स्वयंपाक करणारा आणि शिकवणारा यांच्यात फरक त्या 'र'च्या आकाराचा आहे, हे मला सतराव्या वर्षी कळलं. हा पापणीसारखा र आपल्या मराठीची खास गरज. त्यासाठी युनिकोडमध्ये 'ऱ' वेगळा आहे, आणि इनस्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट दाबून साध्या 'र'च्याच बटणावर येतो. दहा वर्षं शाळेत जे मराठी माझ्या कानावरून गेलं होतं, ते त्या वर्षभरात बोटांत उतरलं.

याच काळात आणखी एक फुगा फुटला. विंडोजने मराठीसाठी काही केलं नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे. मग वाचलं, की विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला होता. पवईच्या आयआयटीत आयडीसीमध्ये शिकवणारे, अक्षरांवर आयुष्य घालवलेले जोशी सर. लाखो मराठी माणसांनी कॉम्प्युटरवर पहिलं युनिकोड मराठी वाचलं ते त्यांच्या अक्षरात, आणि तेही माझ्या 'शत्रू'च्या सिस्टीमवर! दुसरीकडे, आज काका पत्रिकेत जो 'मुक्त' फॉन्ट वापरतात तो मुंबईच्या 'एक टाइप'चा, सगळ्यांसाठी खुला, विनामूल्य. म्हणजे चांगलं काम दोन्हीकडे झालं. आपण झेंडे घेऊन उभे होतो, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, मग हा लिनक्सच्या विरोधातला लेख आहे का? मुळीच नाही. मी आजही लिनक्सच वापरतो. धडधाकट मशीन केवळ यादीत नाही म्हणून भंगारात काढायला माझा विरोध आहे. आमच्या कळव्याच्या डोंगरातला पारसिकचा बोगदा १९१६ चा आहे. त्याचा सपोर्ट संपला म्हणून रेल्वेने त्याला फॉरमॅट मारलेला नाही. देखभाल केली की जुनी वस्तू चालते. ब्राउझिंग, व्हिडिओ, पत्रं, सबमिशन, एवढंच काम असेल तर यादीबाहेरच्या लॅपटॉपवर लिनक्स टाका आणि आणखी पाच वर्षं वापरा. असे तीन लॅपटॉप मी गेल्या काही महिन्यांत बिल्डिंगमध्ये वाचवले आहेत.

माझं म्हणणं एवढंच की कोणती सिस्टीम चांगली, हा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न आहे, त्या मशीनवर कोण बसतं आणि काय काम करतं? एखाद्या सीएच्या ऑफिसात एक सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नसेल, तर तिथे लिनक्सचं प्रवचन म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर पाय. आणि एखादं मशीन नेटला जोडलेलंच नसेल, तर जुनी सिस्टीम लगेच मरत नाही. फक्त कुणाचाही पेन ड्राइव्ह त्यात खुपसू नका.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. उद्या ही सिस्टीम गेली तर माझं काम वाचता येईल का? आजच जुन्या फॉन्टमधलं मराठी युनिकोडमध्ये आणा. पीडीएफ काढून ठेवा. जे सॉफ्टवेअर फाइल फक्त स्वतःलाच वाचता येईल अशी ठेवतं, त्याच्यापासून जपून. सिस्टीम दहा वर्षांत जाते, काम तिच्यानंतरही लागतं. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ गेली, आता १० गेली. आपण सगळे आयटीत नोकऱ्या करणार आणि रोज कुणाचं तरी काहीतरी 'मायग्रेट' करणार. तेव्हा पलीकडच्या माणसाच्या तेरा वर्षांचं आपण काय करतोय, हे व्हायव्हात कुणी विचारणार नाही. ते आपणच विचारायला हवं.

काकांच्या दुकानात आता दोन कॉम्प्युटर शेजारीशेजारी नांदतात. एक माझं लिनक्स, आणि एक सेकंडहँड विंडोज १०, टाइपरायटरच्या कीबोर्डसाठी. ऑक्टोबरमध्ये काकांनी विचारलं, "काय रे, हेही मेलं म्हणे. काय करायचं?"

मी सोळाचा असतो तर खिशात पेन ड्राइव्ह तयारच होता. या वेळी स्टूल ओढलं, बसलो आणि विचारलं, "काका, आधी सांगा, याच्यावर काय काय करता?"

काकांनी दोन चहा सांगितले. यादी मोठी होती.

ता. क. : या लेखाचं प्रूफ काकांनी तपासलं आहे. सापडलेल्या सतरा चुका दुरुस्त केल्या आहेत. सतराच बरं का, एकोणवीस... सॉरी, एकोणीस नव्हेत.