‘बोलेल हळूहळू’ म्हणता म्हणता

परवा मंचरला एका साखरपुड्याला गेले होते. पंगतीत शेजारी एक तरुण आई बसली होती, मांडीवर सव्वादोन वर्षांचा मुलगा. त्याला मी नावानं दोन-तीनदा हाक मारली, पण मान वळली नाही. पलीकडे कुणाच्या तरी मोबाईलवर गाणं वाजलं, तर लगेच वळली.

‘‘मोबाईल बरा कळतो त्याला,’’ त्याची आजी कौतुकानं म्हणाली. ‘‘बोलत नाही अजून, पण बोलेल हळूहळू. याचा बापसुद्धा साडेतीन वर्षांनी बोलला.’’

जुन्नर-आंबेगावात हे वाक्य ऐकलं नाही असं घर मला माहीत नाही. कुणी वेखंड उगाळून चाटवतं, कुणी पोपटानं चोच मारलेला पेरू खाऊ घालतं. मी तरी कुठली शहाणी? माझ्या भाचीचा मुलगा दोन वर्षांचा होता, तेव्हा ‘‘पोरगे उशिराच बोलतात गं, धीर धर,’’ असं तिला मीच सांगितलं होतं. तिनं धीर धरला. त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे, हे कळलं तेव्हा मुलगा चार वर्षांचा झाला होता. ती मला एका शब्दानं बोलली नाही, पण ती दोन वर्षं माझ्या मनातून जात नाहीत.

म्हणून तेव्हा जे माहीत नव्हतं ते सांगते. आपण सगळे ‘बोलतो का’ एवढंच बघतो. खरी खूण त्याच्या आधीची असते. साधारण वर्षाचं मूल नावाला ओ देतं, टाटा करतं, आपण टाळी वाजवली की टाळी वाजवतं. आणि दीड वर्षाच्या आत एक मोठी गंमत करायला लागतं: बोट दाखवतं. ‘बिस्कीट दे’ म्हणून तर दाखवतंच, पण चांदोबा दिसला, गाईचं वासरू दिसलं, तरी बोट करतं आणि मागे वळून आईकडे बघतं. ‘बघितलंस का गं?’ असं ते न बोलता विचारत असतं. भाचीचा मुलगा हे कधीच करत नव्हता. पाणी हवं असलं की तिचं मनगट धरून माठापाशी न्यायचा, तोंडाकडे न बघता, जणू हात म्हणजे एखादी पकड. आम्ही म्हणायचो, किती हुशार! खेळण्यातली गाडी चालवायची सोडून उलटी करून तासन्‌तास चाक फिरवायचा. मिक्सर लावला की कान झाकून किंचाळायचा.

यातली एखादी गोष्ट दिसली म्हणजे ऑटिझमच, असं मुळीच नाही. आधी कान तपासायचे असतात. पण दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर वाट बघू नये. आणि येत असलेले शब्द जर गेले, तर मूल कितीही मोठं असो, त्याच आठवड्यात दाखवावं. मुलींमध्ये हे कमी आढळतं, म्हणून ‘लाजाळू आहे’ म्हणून त्या सुटून जातात.

मग आपण दडवतो का? कारण सगळा दोष आईच्या पदरात पडतो. हे काही आपल्याच खेड्यांत नाही. अमेरिकेत ब्रुनो बेटलहाइम या लेखकानं १९६७ साली पुस्तक लिहून सांगितलं, की आईबापांच्या, विशेषतः आईच्या कोरडेपणामुळे मूल असं होतं. ते साफ चूक ठरलं. १९९८ साली एका इंग्रज डॉक्टरनं गोवराच्या लशीवर बोट ठेवलं. तो लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो आणि खुणा ठळक दिसायचं वयही तेच, म्हणून लोकांना संबंध वाटतो. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलला दोष दिला. स्वीडनमध्ये सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदी तपासून २०२४ साली आलेल्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केली, तेव्हा तसा संबंध दिसला नव्हता. पण व्हॉट्सॲपवर सासवांना पोचतं ते पहिलं.

मोबाईलचंही तसंच. बिबट्याच्या भीतीनं दिवस कलला की दाराला कडी, ऊस अगदी अंगणाला लागलेला, आई चुलीपाशी. मग पोराच्या हातात मोबाईल जाणारच. मोबाईलमुळे ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण मुलाशी बोलणं कमी होतं हे खरं. मोबाईल काढा, जरूर काढा. पण ‘सहा महिने मोबाईल बंद करून बघू’ म्हणत तपासणी पुढे ढकलू नका.

तपासणी कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. गडबडीत वजन-उंचीवरच भागू शकतं, तेव्हा आपणच तोंड उघडून विचारावं. बूस्टरच्या इंजेक्शनला जाल तेव्हा माता-बाल संरक्षण कार्डावरची वाढीच्या टप्प्यांची चित्रं नर्सताईंना दाखवावीत. पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्याला औंधला. नारायणगावहून जाऊन-येऊन सबंध दिवस मोडतो, रोज बुडतो. तालुक्याला आठवड्यातून एक दिवस तरी थेरपीची सोय हवी, हे आपल्या सदस्यांना मत मागायला आल्यावर विचारायला काय हरकत आहे? २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, प्रमाणपत्र मिळतं.

नावाचा कागद मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. भाचीला शिकवलं ते इतकंच होतं: त्याच्यासमोर जमिनीवर बस, तो चाक फिरवतो तर तूही फिरव, तो बघेपर्यंत थांब, मग ‘फिरलं’ म्हण. हे दिवसातून दहादा. पोरगा आता सहा वर्षांचा आहे. फार बोलत नाही, पण मागच्या दिवाळीत आकाशकंदिलाकडे बोट करून त्यानं आईकडे बघितलं. तिनं मला रात्री साडेदहाला फोन केला होता.

मंचरच्या त्या आईला हे सगळं सांगताना आजी पानावर भात कालवत गप्प ऐकत होत्या. मला वाटलं, रागावल्या. हात धुताना त्यांनी हळूच विचारलं, ‘‘औंधला सकाळची पहिली एसटी कितीला असती हो?’’